बजीसाठी घरगुती झोका: तार आणि सुतळीबद्दल

पिंजऱ्यातल्या बजीसाठी (बजरीगर, म्हणजे छोटा पाळीव पोपट) झोका विकत आणण्यापेक्षा घरी केलेला बरा, हे इथे आधी कुणीतरी मांडलेलं मत पटलं. पण झोका टांगायला जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) तार आणि दांडीवर गुंडाळायला सुतळी, हे त्यात सुचवलेलं कृपया करू नका. जीआय तारेवर जस्ताचा थर असतो. बजी दिवसभर तार कुरतडत बसतात, ते जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेस स्टीलची तार मागा, ३०४ ग्रेडची. जाताना चुंबक खिशात ठेवा. घट्ट चिकटला तर ती तार घेऊ नका. सुतळीचा धोका वेगळा. ती कुरतडली की बारीक धागे सुटतात आणि पायाच्या बोटाला वेढा बसतो. पक्षी ओढत राहतो, वेढा आवळत जातो, रक्तपुरवठा थांबून बोट काळं पडतं. गिळलेले धागे अन्नपिशवीत गोळा होतात ते वेगळंच. शिवाय बाजारातल्या बऱ्याच सुतळीला तेल लावलेलं असतं.

दांडीला पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी उत्तम, पण फवारणी न झालेल्या झाडाची. जाडी १० ते १२ मिमी, साल तशीच ठेवा, घासून धुऊन कडक उन्हात वाळवा. झोका पूर्ण हलला तरी शेपटी पिंजऱ्याच्या गजांना घासणार नाही, इतकी जागा सोडा. आणि घुंगरू अजिबात बांधू नका, त्याच्या फटीत नखं हमखास अडकतात. कुरतडायला नारळाच्या शेंड्या नकोत, त्यांचेही धागेच होतात. कोऱ्या, न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या चालतील.