रोम्युलस होऊन गेला का? रोमच्या सात राजांचं काय मानायचं? (टायबरकाठ, आधी पुरावा आणि भित्तिचित्र या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

टायबरकाठ
रोमच्या जन्माची कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. रोमजवळच्या अल्बा लोंगा या नगराच्या न्यूमिटर राजाचं सिंहासन भाऊ अम्युलियस बळकावतो. न्यूमिटरच्या मुलीला मार्स या युद्धदेवापासून रोम्युलस आणि रेमस ही जुळी मुलं होतात. ती टायबर नदीत सोडून दिली जातात आणि लांडगीच्या दुधावर जगतात. पुढे रोम्युलस पॅलाटाइन टेकडीवर गाव वसवतो आणि तट ओलांडून उडी मारणाऱ्या रेमसचा जीव घेतो. रोमन विद्वान वॅरोच्या गणनेने हे साल इ.स.पू. ७५३.

हे सगळं भाकड म्हणून निकालात काढणं मला मान्य नाही. १९४८ साली याच टेकडीवर लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांचे खळगे खडकात सापडले. १९८८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आंद्रेआ कारांदिनी यांना उत्तरेकडच्या उतारावर एक भिंत मिळाली आणि त्यांनी ती इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याची ठरवली. टेकडी तीच, शतकही तेच. लोकांच्या स्मरणात काहीतरी खरं टिकलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी पुरावा
झोपड्या सापडल्या म्हणजे रोम्युलस सापडला नाही. त्या परिसरात त्याच्याही कितीतरी आधीपासून माणसं राहत होती, मग ‘स्थापना’ नेमकी कशाची?

शिवाय ७५३ हा आकडा स्मरणातून आलेला नाही, तो हिशेबातून आलाय. रोमन इतिहासकारांपैकी फॅबियस पिक्टर इ.स.पू. ७४७च्या आसपासचं साल देतो, सिन्सियस ७२९च्या, तर ग्रीक इतिहासकार टिमेयस थेट ८१४ सांगतो. ट्रॉयचा पाडाव ग्रीकांनी ११८४ला नेऊन ठेवला होता. ट्रॉयहून आलेला, रोमनांचा पूर्वज मानला जाणारा इनीअस आणि रोम्युलस यांच्यात चारशे वर्षांची पोकळी राहिली, ती बुजवायला अल्बा लोंगाच्या राजांची वंशावळ रचली गेली. पुढचंही तसंच. परंपरेनुसार रोम्युलसपासून ओळीने सात राजे आणि २४४ वर्षं, म्हणजे प्रत्येकी सरासरी ३५! त्यातही दोघांचा खून झालेला आणि शेवटच्याला हाकलून दिलेलं.

आणि नदीत सोडलेलं मूल? मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन तसाच, आपला कर्णही तसाच.

टायबरकाठ
सालांवरून मी भांडणार नाही. पण राजे होते हे तरी मान्य कराल? १८९९ साली पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांनी फोरममध्ये, म्हणजे रोमच्या जुन्या मुख्य चौकात, काळ्या फरशीखाली एक कोरीव दगड शोधला. लेख इ.स.पू. सहाव्या शतकातला, उभ्या ओळींचा, एक ओळ वर जाणारी तर पुढची खाली येणारी, आणि त्यात ‘राजा’ हा शब्द आहे. रोमन इतिहासकार लिव्ही लिहायला बसला त्याच्या पाचशे वर्षं आधीचा हा पुरावा.

भित्तिचित्र
राजे होते, पण यादी खरी होती का? रोमच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे एट्रुस्कनांच्या, व्हुल्ची शहरात १८५७ साली एक थडगं उघडलं, त्यातली इ.स.पू. चौथ्या शतकातली चित्रं मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाची वाटतात. मास्तार्ना नावाचा वीर कैदेतल्या काइलियस विबेनाचे दोर कापतोय. बाजूला त्यांचे साथीदार शत्रूंना भोसकतायत, आणि मरणाऱ्यांपैकी एकाच्या डोक्यावर नाव लिहिलंय: रोमचा ग्नेयस टार्क्विनियस. रोमन परंपरेतले दोन्ही टार्क्विन राजे मात्र लुसियस!

यातलं एक नाव रोममध्येही पुढे आलं. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने सिनेटपुढे सांगितलं, की एट्रुस्कन लेखकांच्या मते सहावा राजा सर्वियस टुलियस म्हणजेच मास्तार्ना. हे भाषण कोरलेला कांस्यपट फ्रान्समधल्या लियोंला सापडला. रोमन परंपरेत हाच सर्वियस राजवाड्यातल्या दासीचा मुलगा आहे. म्हणजे शेजाऱ्यांच्या आठवणीत रोमचा इतिहास निराळाच होता.

टायबरकाठ
याने माझंच म्हणणं पक्कं होतं. माणसं खरी होती, नावं आणि क्रम मागाहून बदलले.

आधी पुरावा
शेवटच्या तीन राजांपुरतं कबूल. रोम्युलसला त्या रांगेत बसवायला माझी हरकत आहे. त्याचं नावच शहरावरून पाडलेलं आहे.

भित्तिचित्र
पण मग एक गोष्ट सांगा. पूर्वज रचायचाच तर कोणी असा रचतं का? सख्ख्या भावाचा खून करणारा, पळून आलेले गुलाम आणि परागंदा लोक गोळा करून शहर भरणारा, शेजारच्या सबाइनांच्या मुली पळवून आणणारा?

आधी पुरावा
रचतात, आणि अभिमानाने जपतातही. इ.स.पू. २९६ मध्ये ओगुल्नियस बंधूंनी लांडगीखालच्या जुळ्यांचा पुतळा भर शहरात उभारला. यादवी युद्धांत होरेस कवीला त्याच कथेत रेमसच्या रक्ताचा शाप दिसला. क्लॉडियसचं ते भाषण तरी कशासाठी होतं? गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यावं यासाठी! आपले राजेसुद्धा बाहेरून आलेले होते, हा त्याचा मुद्दा होता. ज्या शहराला सतत नवी माणसं सामावून घ्यायची होती, त्याला परागंदांनी वसवलेल्या गावाची कथा अडचणीची नव्हती, कामाची होती. म्हणून ती टिकली. तेवढ्यावरून ती घडली असं ठरत नाही.