केमो चालू असताना थकव्यासाठी पूरक थेरपी: काय करावं, काय टाळावं?

प्रश्न:
स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे, चौथी सायकल झाली. दुपारी दोन-दोन तास झोपूनही थकवा उतरत नाही. योग, ॲक्युप्रेशर, जिनसेंग, अश्वगंधा असं बरंच सुचवलं जातं. उपचार चालू असताना यातलं काय चालतं, आणि किती?

उत्तर १:
झोपून न उतरणं हीच या थकव्याची खूण. रोज ठरावीक वेळी थकव्याला 0 (अजिबात नाही) ते 10 (सगळ्यात जास्त) मध्ये आकडा देऊन लिहून ठेवा. 4 किंवा त्याहून जास्त येत असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा. वेदना, झोप, उदासी आणि चालू असलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. हिमोग्लोबिन 7 वर आलेलं असताना प्राणायामाने थकवा जाणार नाही. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, नाहीतर रात्रीची मोडते.

उत्तर २:
सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, तिथूनच सुरुवात करा. 10 मिनिटं चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत 30 मिनिटांपर्यंत, आठवड्यातून 3 दिवस. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पूर्ण फरक दिसायला 12 आठवडे धरा. केमोनंतरचे दोन-तीन दिवस निम्मं चाला. बिघडतं ते इथे: बरं वाटलं त्या दिवशी तासभर चालायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. ताप, चक्कर किंवा छातीत दुखत असेल त्या दिवशी अजिबात नको. हाडात गाठ पसरली असेल तर खोल पुढे वाकणं आणि पाठीला पीळ देणारी आसनं वगळा.

उत्तर ३:
वर जे आलं त्यात वेळेचा मुद्दा राहिला. अ‍ॅस्को (अमेरिकेतली कॅन्सरतज्ज्ञांची संघटना) आणि सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजी यांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उपचार चालू असताना व्यायाम, माइंडफुलनेस (लक्ष वर्तमानात ठेवण्याचा सराव), सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारं समुपदेशन) आणि ताई ची किंवा छिगोंग (संथ हालचाली आणि श्वासाचे चिनी व्यायाम) आहे. योग आणि ॲक्युप्रेशर तिथे उपचार संपल्यानंतरच्या यादीत येतात. आत्ता हलका योग करू नये असा याचा अर्थ नाही, पुरावा उपचारानंतरचा जास्त आहे इतकंच.

ॲक्युप्रेशर पुढे करायचं झालं तर रोज, प्रत्येक बिंदूवर 3 मिनिटं, 6 आठवडे. हाताला सूज असेल तर त्या बाजूच्या मनगटाचा बिंदू सोडून द्या. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी असताना जोरात दाबू नका.

प्रश्नकर्ता:
आणि जिनसेंग, अश्वगंधा?

उत्तर ३:
अमेरिकन जिनसेंगच्या मुळाची भुकटी रोज 2000 मिलिग्रॅम, दोन भागांत, असा प्रयोग झाला आहे. 4 आठवड्यांनी फरक नव्हता, 8 आठवड्यांनी दिसला. म्हणून महिन्याभरात सोडलेलं फुकट जातं. कोरियन जिनसेंग ही वेगळी वनस्पती, अदलाबदल करू नका. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर नकोच, त्याचा परिणाम कमी होतो.

अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडची पातळीही वाढू शकते. केमोत यकृताच्या तपासण्या आधीच वरखाली होतात. मग दोष कुणाचा हे कळत नाही आणि पुढची सायकल अडकते. ऑन्कॉलॉजिस्टना बाटलीचं लेबल दाखवल्याशिवाय सुरू करू नका.