संभाव्यता शिकवायला सुरुवात कुठून करायची? मुलं म्हणतात "आता काटाच येणार"

खडू_फळा:
मी आठवी-नववीला गणित शिकवते. मागच्या वर्षी संभाव्यता पुस्तकाच्या क्रमाने घेतली, आधी नमुना अवकाश (म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी), मग घटना (त्यातले आपल्याला हवे ते निकाल), मग सूत्र. मुलांनी उदाहरणं सोडवली, मार्कही पडले. पण नंतर एकदा वर्गात सहज नाणं उडवलं, सलग चार वेळा छापा आला तर अर्धा वर्ग ओरडला, मॅडम आता काटाच येणार! हीच मुलं दोन दिवस आधी वहीत १/२ लिहून मोकळी झालेली, मला फार लागलं ते. दुसरं म्हणजे दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे ११ उत्तरं, म्हणून ७ यायची संभाव्यता १/११, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. यंदा काय वेगळं करू?

तिरकी_ओळ:
१/११ वाल्यांना रागावू नका, विचार करून केलेली चूक आहे ती. दालांबेरसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशातल्या लेखात लिहिलं होतं की दोनदा नाणं उडवून एकदा तरी छापा यायची शक्यता २/३. पहिल्यालाच छापा आला तर दुसऱ्यांदा उडवायचं कशाला असा हिशोब करून त्याने तीनच शक्यता धरल्या आणि तिन्ही सारख्याच मानल्या. उत्तर आहे ३/४. मुलांना हे सांगाच, खूप धीर येतो त्यांना.

मी फासे वेगळ्या रंगाचे देतो, एक लाल एक पांढरा. एकाच रंगाचे असले की ३-४ आणि ४-३ मुलांना एकच वाटतं. मग फळ्यावर ६ बाय ६ चा तक्ता काढायचा आणि घरं मुलांनीच येऊन भरायची. एकदा एक मुलगी भरता भरता खडू हातात धरून थांबली आणि म्हणाली, "सर, सात सगळ्यांनाच मिळतो!" म्हणजे लालवर काहीही पडू दे, सात पुरा करणारा एक आकडा पांढऱ्यावर असतोच, बाराला मात्र दोन्हीकडे सहाच लागतो. त्यानंतर ६/३६ मला सांगावंच लागलं नाही.

मोजून_बघा:
"आता काटाच येणार" यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे जॉन केरिच या गणितज्ञाचे आकडे. दुसऱ्या महायुद्धात हा डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होता, तिथे त्याने नाणं १०,००० वेळा उडवलं. पहिल्या १०० मध्ये छापे ४४, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ कमी. १०,००० ला ५,०६७, म्हणजे ६७ जास्त. फरक ६ वरून ६७ झाला आणि टक्केवारी मात्र ४४ वरून ५०.६७ वर आली!! नाणं मागचं काही भरून काढत नाही, टॉस एवढे होतात की तो फरक त्यात बुडून जातो. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना बोलू द्या, घाई करू नका.

अजून एक, अर्ध्या मुलांना ५० टॉस मनाने लिहायला सांगा आणि अर्ध्यांना खरंच उडवायला. मनाने लिहिणारे सलग पाच छापे लिहायला घाबरतात, खऱ्या यादीत सलग पाच सारखे बऱ्याचदा सापडतात.

एक_शंका:
सगळं पटलं, पण नुसत्या प्रयोगावर सोडू नका. एका मुलाला २० मध्ये १३ छापे आले तर तो ठरवून टाकतो की नाणंच खराब आहे. म्हणून प्रत्येकाचे २० वेगळे लिहून घ्या आणि सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर चढवत जा, ४० मुलं म्हणजे ८०० टॉस होतात एका तासात. आणि उडवायच्या आधी प्रत्येकाने अंदाज लिहिलाच पाहिजे, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मला माहीतच होतं.

खडू_फळा:
अंदाज आधी लिहून घ्यायचं मला सुचलंच नव्हतं, थँक्यू! ठरलं मग, पहिला तास नाणं आणि केरिच, दुसरा लाल-पांढरे फासे, आणि नमुना अवकाश हा शब्द तो तक्ता भरून झाल्यावरच काढणार. @तिरकी_ओळ, तीन फासे घेतले तर तक्ता कसा काढता? २१६ घरं फळ्यावर मावणार नाहीत.

तिरकी_ओळ:
तिसऱ्या फाशाच्या प्रत्येक आकड्याला एक असे सहा तक्ते, सहा गटांना कागदावर वाटून द्या. बेरीज ९ ची घरं सगळी मिळून २५ आणि १० ची २७ भरली पाहिजेत.