फुकटच्या पीडीएफनं सीमाभागातला मराठी पेपर मरतोय

टिळकवाडीकर:
आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उजाडायच्या आत चार मराठी पेपरांच्या पीडीएफ येऊन पडतात. हे बंद करा म्हटलं, तर माझ्यावरच सगळे तुटून पडले. बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात 'तरुण भारत' काढला, तेव्हापासून आपलं गाऱ्हाणं छापून येतंय. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. दारात येणारं मराठी ते एवढंच. त्याची वर्गणी द्यायला जड का जावं?

खानापूरकर:
वर्गणीवर पेपर चालतच नाही. अंकाच्या किमतीत छपाईसुद्धा निघत नाही, सगळी भिस्त जाहिरातीवर. ती गेली गुगल-फेसबुककडे. आमच्याकडचा कापडवालाही आता रील करून घेतो. आणि आत वाचायला काय? पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं पानभर अभिनंदन. कणकुंबीकडं रस्ता खचला, तर चौथ्या दिवशी चार ओळी.

पेपर विक्रेता, शहापूर:
जाहिरात आणि वर्गणी वेगळी नाही हो. खप उतरला की जाहिरातदार दर पाडून मागतो. लॉकडाऊनमध्ये माझ्या लाइनीतल्या ज्या घरांनी पेपर थांबवला, त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. आता विचारलं तर म्हणतात, मोबाइलवर येतोय की.

माजी वार्ताहर, निपाणी:
कागदाचंही बघा. मोठा हिस्सा परदेशातून येतो. २०१९ च्या बजेटमध्ये त्यावर १० टक्के आयात शुल्क बसलं, पुढच्या वर्षी ५ वर आलं. २०२२ ला युक्रेनचं युद्ध पेटलं आणि भाव पुन्हा भडकले. पण खानापूरकर, चार ओळींचं खरं कारण मी सांगतो. मला पगार नव्हता, मानधन होतं, तेही पेट्रोलला पुरायचं नाही. वर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या, त्याचं कमिशन मिळायचं. घर त्यावर चालायचं. ज्या कंत्राटदाराकडून जाहिरात आणली, त्याच्याच खचलेल्या रस्त्याची बातमी कुठल्या तोंडानं देणार? एकदा दिली. पुढच्या वर्षी त्याची जाहिरात आली नाही आणि मालकांनी मलाच जाब विचारला. त्यानंतर मी तसली बातमी दिली नाही. अजून सलतं ते.

टिळकवाडीकर:
म्हणूनच म्हणतो, वाचकानं पैसे दिले तर कंत्राटदाराचं तोंड बघावं लागणार नाही. अंक दहा रुपये करा, मी घेतो.

खानापूरकर:
तुम्ही द्याल. पण वाढीव पैसे वार्ताहरापर्यंत पोचतील कशावरून? आधी आमच्या तालुक्याला एक पगारी माणूस नेमा. त्या दिवसापासून मी दोन अंक लावतो, एक घरी आणि एक जांबोटीच्या वाचनालयात.