उजव्या कडेवरचा डावखुरा : आर्येन रॉबेनच्या तुमच्या आठवणी लिहा

आपल्याकडं फुटबॉलच्या गप्पा मेस्सी-रोनाल्डोवर सुरू होतात अन् तिथंच संपतात. पण छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांत रॉबेनवर जीव टाकणारे मी कायम पाहिलेत. बेडुम नावाच्या खेड्यातला हा डच पोरगा 2021 मध्ये खेळातून कायमचा थांबला. नेदरलँड्सकडून 96 सामने, 37 गोल. नेदरलँड्स, इंग्लंड, स्पेन, जर्मनी अशा चार देशांत लीग जिंकलेला. आकडे मिळतात कुठंही, मला तुमचं पाहणं हवंय.

सुरुवात मी करतो. 2010 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, नेदरलँड्स विरुद्ध स्पेन, आपल्याकडं मध्यरात्र. स्नायडरचा पास आला आणि रॉबेन एकटा स्पेनचा गोलरक्षक कासियाससमोर. चेंडू कासियासच्या पायाला लागून बाहेर गेला, पुढं 116व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्तानं गोल केला. आमच्या खोलीत कुणी बोलेना. त्या एका क्षणावरून त्याची अख्खी कारकीर्द मोजणाऱ्यांशी मी आजही भांडतो.

परभणी, क्रीडाशिक्षक
तो उजवीकडून आत वळणार आणि डाव्या पायानं मारणार, हे बचावपटूला, गोलरक्षकाला, स्टेडियमला ठाऊक असायचं. तरी अडवता यायचं नाही. कामून? पोरांना मी हेच थांबवून थांबवून दाखवतो. चेंडू डाव्या पायाला चिकटलेला, प्रत्येक पावलाला बारीक स्पर्श. समोरच्यानं वजन एका पायावर टाकलं की त्याच क्षणी तो निघायचा. त्यातून बायर्न म्युनिक या जर्मन क्लबमध्ये बाहेरच्या बाजूनं उजवा बचावपटू लाम धावत यायचा. लामकडं जावं तर रॉबेन आत सुटणार, रॉबेनला धरावं तर लाम मोकळा. पूर्वी डावखुऱ्या पोराला आम्ही डोळे झाकून डावीकडं उभं करायचो. आता एकाला तरी उजवीकडं खेळवून बघतोच.

जालना
मी 2013 च्या चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्याबद्दल लिहिणार. दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकरचा भरवसा नसल्यानं गल्ली रात्री जागीच असायची. ड्रमाला नंबर लावून मी मित्राच्या घरी सामना बघायलो होतो.

आदल्या वर्षी म्युनिकमध्ये, स्वतःच्याच मैदानावर, चेल्सीविरुद्धच्या याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत त्याची पेनल्टी चेल्सीचा गोलरक्षक चेकनं अडवली होती. काही दिवसांनी बायर्न आणि नेदरलँड्स यांचा मैत्रीपूर्ण सामना झाला, तर बायर्नच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. स्वतःच्या लोकांनी! मला ते अजून सोसत नाही.

आणि आता लंडनचं वेम्बली, समोर डॉर्टमुंड हा जर्मनीचाच क्लब. पहिल्या अर्ध्यात त्यानं दोन सोप्या संधी घालवल्या, त्यांचा गोलरक्षक वायडेनफेलर आडवा येत होता. मग बायर्नच्या मांजुकिचच्या गोलसाठी पास त्यानंच दिला. बरोबरी झाली. 89व्या मिनिटाला रिबेरीनं टाचेनं चेंडू सरकवला, रॉबेन दोघांच्या मधून निसटला आणि अगदी हळू, जाळ्यात. त्याच्या तोंडावर आनंदाआधी सुटका दिसली. आम्ही ओरडलो तसा बाहेरून आवाज आला, "टँकर आला का रे?"

बीड
सगळे कौतुक करायलेत म्हणून लिहितो. 2014 च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याला पेनल्टी मिळाली, हुंटेलारनं गोल केला. त्याच सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात आपण मुद्दाम पडलो, हे त्यानं नंतर स्वतः कबूल केलं. कबुलीचा मान ठेवतो. पण एवढा वेग, एवढं कौशल्य असलेल्यानं ते करू नये. मेक्सिकोच्या जागी आपला संघ असता तर?

लातूर, महाविद्यालयीन संघाची माजी खेळाडू
बीडच्या दादांचा राग पटतो. पण त्याच स्पर्धेत त्यानं स्पेनविरुद्ध त्यांचा बचावपटू रामोसला मागं टाकून जो गोल केला, तशी धाव मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. नेदरलँड्सनं पाच-एकनं जिंकलेला सामना तो.

माझं नातं मात्र त्याच्या दुखापतींशी आहे. मांडीचे स्नायू, गुडघा, घोटा. लोक त्याला काचेचा म्हणायचे. माझा गुडघा गेला तेव्हा घरच्यांनी बूट माळ्यावर टाकले. पप्पा म्हणाले, "पोरीच्या जातीला एवढं पुरे." तेव्हा मी त्याचे जुने सामने लावून बसायचे, आणि मैदानाबाहेर गेलेला हा माणूस दरवेळी तोच वेग घेऊन परत यायचा. 2019 मध्ये निवृत्त झाला, तरी कोरोनात अडचणीत आलेल्या ग्रोनिंगनसाठी, आपल्या पहिल्या क्लबसाठी, 36व्या वर्षी पुन्हा उतरला. पहिल्याच लीग सामन्यात दुखापत झाली, तरी हंगाम संपायच्या आत मैदानावर आला. बूट मी स्वतःच खाली काढले. आता लहान मुलींना शिकवते. परभणीचे सर, तुमचा तो वजन ओळखायचा सराव आमच्या मुलींना दाखवाल का?

परभणी, क्रीडाशिक्षक
अवश्य, ताई. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत. डावखुऱ्या किती आहेत तेवढं आधी कळवा.