‘ओळीतलं अंतर’ बरोबर की ‘ओळींमधलं’?

वाईकर: शिक्षकांसाठी वर्डची छोटी माहितीपुस्तिका मराठीत करतोय. फोटो टाकला की तळाची बारीक पट्टी तेवढी दिसते आणि बाकी गायब, हे दुखणं सगळ्यांचं. होतं असं की फोटो ओळीत एखाद्या अक्षरासारखा बसतो आणि लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ १४ पॉइंट असं बांधलेलं असलं की ओळ वाढतच नाही. मी ‘एक्झॅक्टली’ला नेमके आणि ‘ॲट लीस्ट’ला किमान धरून लिहिलं, ‘ओळीतलं अंतर “नेमके” वरून “किमान” करा’. सहकारी म्हणतात ‘ओळीतलं’ चूक. मला तर ‘नेमके’च जास्त खटकतंय, काय लिहू?

तासगावची पोर: सहकाऱ्यांचं बरोबर आहे. आमच्याकडं द्राक्षबाग नऊ बाय पाच म्हटली की नऊ फूट दोन ओळींमधलं आणि पाच ओळीतल्या दोन वेलींमधलं. मग ओळीतलं अंतर म्हणजे दोन शब्दांमधली जागा झाली की!

शब्दवेडा: पंक्त्यंतर लिहा. नेमका, छोटा शब्द आहे. आपण वापरला नाही तर रुळणार कसा?

जतचे गुरुजी: सर, पंक्त्यंतर वाचून माझे शिक्षक पुस्तिका मिटवून ठेवतील. स्क्रीनवर लाइन स्पेसिंग दिसतं, तेच देवनागरीत लिहा. आणि वाईकर, लोक एक्झॅक्टलीवर का जातात तेही लिहा. मंगल फॉन्टला ओळी फार लांब लांब पडतात, वर वेलांटी-रफार खाली उकार सगळ्याला जागा धरलेली असते, म्हणून माणूस १४-१५ टाकून ओळी आवळतो आणि तिथंच फोटो कापला जातो. सगळं डॉक्युमेंट बदलायची गरज नाही, फोटोवर क्लिक करून कंट्रोल आणि १ दाबा, तेवढाच परिच्छेद सिंगल होतो.

खिळेवाला, सांगली: मुळात ‘अंतर’ हाच शब्द इथं लागू नाही. छापखान्यात खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी टाकायचो, लेड म्हणायचो, ते खरं अंतर. लिबरऑफिसात, म्हणजे वर्डसारख्याच त्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, ‘लीडिंग’ पर्याय अजून आहे बघा. वर्डातला आकडा अख्ख्या ओळीचा असतो. ‘ओळीची उंची’ लिहा, मग फोटो का कापला हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

वाईकर: उंची पटली काका. पण ‘नेमके’चं काय? नेमकं म्हणजे चांगलं असं वाटून लोक तेच निवडतात.

तासगावची पोर: ‘ठरावीक’. लिबरऑफिसातपण त्याला ‘फिक्स्ड’च म्हणतात.

शब्दवेडा: ठरावीक म्हणजे काही निवडक असापण अर्थ होतो, ‘ठरावीक लोकच आले’. ‘स्थिर’ घ्या. बाकी ओळ शब्द संस्कृत आवलीवरून आलाय, तोच धागा गवंड्याच्या ओळंब्यात आहे.

खिळेवाला, सांगली: ओळंबा अवलंबवरून, लोंबतो म्हणून. ओळीशी नातं नाही. आणि खिळ्यांच्याही आधी, १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली होती, तिथं ओळींमध्ये पट्टी घालायचा प्रश्नच नव्हता.

शब्दवेडा: गवंडी ओळंबा लावतो तो भिंत ओळीत आणायलाच ना?

जतचे गुरुजी: ओळीत आणायला दोरी लावतात सर. ओळंबा उभ्यासाठी.

शब्दवेडा: आमच्या कराडकडं भिंत उभी सरळ असली तरी ‘ओळीत आली’ म्हणतात, कुठल्याही गवंड्याला विचारा.