मदत हवी आहे: सामोआच्या राजाच्या भानगडीत पार अडकलोय

मंडळी, सेमिनारसाठी सामोआ (प्रशांत महासागरातली बेटं) घेतलं आणि आता डोकं गरगरतंय. 22 ऑगस्ट 1898 ला राजा मालिएतोआ लाउपेपा वारला, मग गादीवर एकीकडे त्याचा पोरसवदा मुलगा तानुमाफिली आणि दुसरीकडे माताआफा इओसेफो, जो नुकताच मार्शल बेटांवरच्या हद्दपारीतून परत आला होता आणि बहुतेक लोक त्याच्याच बाजूने. 31 डिसेंबरला सामोआच्या कोर्टाचा सरन्यायाधीश असलेल्या चेंबर्स या अमेरिकन माणसाने निकाल दिला मुलाच्या बाजूने, का तर जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेच्या 1889 च्या बर्लिनच्या बैठकीत माताआफा चालणार नाही असं ठरलेलं म्हणे. आता गंमत बघा, तेव्हा त्याला नको म्हणणारे जर्मनच आता त्याच्या पाठीशी आणि मार्च 1899 मध्ये ब्रिटिश-अमेरिकन जहाजं आपियावर (सामोआचं मुख्य बंदर) तोफा डागतायत! शेवटी राजेपदच रद्द, पश्चिमेची बेटं जर्मनीला, पूर्वेची अमेरिकेला, ब्रिटन टोंगा वगैरे ठिकाणी सवलती घेऊन बाजूला.

माझं अडतंय कुठे तर, मालिएतोआ, माताआफा ही आडनावं नाहीत, पदव्या आहेत, आणि चार मोठ्या पदव्या एकाकडे जमल्या की तो 'ताफाइफा', म्हणजे सगळ्यात वरचा प्रमुख. मग 'राजा' हा शब्दच युरोपियनांनी चिकटवलेला का? बापानंतर मुलगा हा नियम तिथे होता का, की निवड घराण्यातले वक्ते आणि मोठे लोक करायचे? आणि जर्मनांनी पलटी का मारली, नारळाच्या मळ्यांसाठी? कोणी वाचलं असेल तर सोप्या भाषेत सांगा ना, सोमवारी प्रेझेंटेशन आहे आणि सर नेमकं हेच विचारणार.